घरात उरलेल्या गोळ्या

धर्माकाका घरत यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मान वर करून. बावीस वर्षं झाली त्याला. लग्न होऊन मी राजापूरहून विरारला आले, फार्मसीची पदविका हाताशी होती, म्हणून नंदाखालच्या नाक्यावर आम्ही औषधांचं छोटं दुकान टाकलं. दुकानामागच्या वाडीतल्या एका माडाच्या झावळ्या आमच्या पत्र्यावर सारख्या घासायच्या. वाडीच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "धर्माला निरोप धाडलाय, येईल." दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी गेले आणि वरून आवाज आला.

"ओ बाय, आत हो. नारळाला तीन डोळे असतात, पन दिसत एकाने पन नाय."

मी आत पळाले. एकामागून एक चार नारळ मऊ मातीत पडले, पत्र्यावर एकही नाही. मग तो माणूस खाली आला, अंगावर खाकी हाफ पँट, पायात दोराचा फास, कमरेला कोयता. चाळिशीचा असेल तेव्हा. किडकिडीत अंग, पण पोटऱ्या अशा की जणू त्या दुसऱ्या कोणाच्या आणून लावल्या आहेत. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं, उभ्याउभ्या तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, "औषधाचं दुकान झालं ते बरं झालं. गावाला पायजेच होतं."

तेराव्या वर्षी वडिलांबरोबर ते पहिल्यांदा माडावर चढले. वडील ताडी काढायचे, काकांनी नारळाचं काम धरलं. नंदाखाल, निर्मळ, इकडे गासपर्यंत तीसेक वाड्यांतले माड त्यांच्या हातातले होते. कुठल्या माडाच्या शेंड्यात घुबडाचं घरटं आहे, कुठला आतून पोकळ व्हायला लागला आहे, हे त्यांना बुंध्यावर बोटं वाजवून कळायचं. ॲन्सेल्म तुस्कानो अंकलच्या वाडीतल्या एका हिरव्यागार माडाखाली उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, याच्या डोक्यात गेंड्या भुंगा शिरलाय, हा दिवाळी बघत नाय. अंकल हसले. ऑक्टोबरात त्या माडाचा शेंडा मोडून पडला, तेव्हापासून अंकलनी आपल्या वाडीत दुसऱ्या कोणाला चढू दिलं नाही.

त्यांची बायको सत्यवतीकाकी. आगाशीच्या बाजारात ती वेलची केळी आणि वाडीतली भाजी घेऊन बसायची. बाजारातून परत येताना दुकानात टेकायची, पाटी खाली ठेवायची, आणि माझ्यासाठी बाजूला ठेवलेली केळ्यांची फणी काढून द्यायची. तिला ब्लडप्रेशर होतं, रोजची एक गोळी होती. तिच्याइतका गोळीचा नियम पाळणारं दुसरं गिऱ्हाईक मला आठवत नाही. पट्टी संपायच्या चार दिवस आधी यायची. आणि कुठलीच गोष्ट टाकायची नाही. दोऱ्याचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, उरलेली औषधं. औषधांसाठी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबाच होता.

पन्नाशीनंतर काकांना दमा लागला. माडावर जातानाही खिशात पंप असायचा. मुलगा विकी वालीवच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. तो म्हणायचा, "पप्पा, आता बास करा." काका म्हणायचे, "वरची हवा चांगली असते रे. दम खालीच लागतो."

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप आला. विकीने वसईच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासून लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, रोज एक गोळी, सात दिवस. कागद घेऊन विकी माझ्याकडेच आला होता. पाचव्या दिवशी पाहते तर काका रस्त्याने कोयता घेऊन चाललेले.

"काका, गोळ्या संपल्या का सगळ्या?"

"चार घेतल्या. दुखनं गेलं, मग गोळी कोनासाठी घेऊ?"

मी हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. डॉक्टरांनी सात म्हटलं की सात, दुखणं गेलं तरी आतले जंतू उरलेले असतात, आणि उरलेल्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या तीन गोळ्या सत्यवतीकाकीने डब्यात ठेवल्या.

त्यानंतरच्या वर्षी, नोव्हेंबरात, काकांना सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. दमा उसळला. आगाशीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, पंप वाढवला आणि स्पष्ट सांगितलं की हा विषाणूचा खोकला आहे, अँटिबायोटिकचं काम नाही, आठवडाभर आराम करा. त्या स्टिरॉइडच्या गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या. मी स्वतः मोजून दिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले. दुकानात पाच-सहा माणसं उभी होती. काकांनी खिशातून एक घडीघडीचा कागद काढला, वसईच्या डॉक्टरांचा, आधीच्या वर्षीचा.

"बाय, या गोळ्या दे. याने मागे चार दिवसांत उभा झालो होतो."

"काका, त्या लघवीच्या होत्या."

"जंतूच्याच ना? जंतू इकडचे काय नि तिकडचे काय. नाताळ आला. सगळ्या वाड्यांतून निरोप यायला लागले. ॲन्सेल्मच्या चाळीस माडांना हात नाय लावला अजून. घरात तीन हायत, काकी बोलते त्या घे, पन तीनने काय होनार?"

मी पट्टी काढली. पट्टीच्या मागची लाल रेघ माझ्या अंगठ्याखाली होती. डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नाही, आणि दिलं तर वेगळ्या नोंदवहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, हा नियम मला पाठ आहे. साठीच्या पुढच्या माणसाला हे औषध जपून द्यावं लागतं, स्टिरॉइड चालू असेल तर फारच जपून, कारण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा त्याने दुबळी होऊ शकते, क्वचित तुटतेही, आणि बहुतेकदा ती टाचेवरचीच असते, हेही मी औषधविक्रेत्यांच्या एका व्याख्यानात ऐकलं होतं. वहीत लिहून घेतलं होतं. काका त्रेसष्ट वर्षांचे होते. स्टिरॉइड त्यांना मी दोन दिवसांपूर्वी दिलं होतं.

मागे उभ्या असलेल्या बाईने पाळण्यातल्या बाळासाठी तापाचं औषध घाईने मागितलं. मी पाच गोळ्या कापून काकांच्या हातात दिल्या. नोंदवहीत वसईच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि तारीख आजची टाकली.

काका चौथ्या दिवशी परत आले. खोकला कमी झाला होता, तो गोळीविनाही झाला असता. पण चालताना उजवा पाय जरा उचलून टाकत होते.

"टाचेच्या वर दुखतंय. सकाळी उठलो नि पाय टेकला तर कळ आली."

मी काउंटरवरूनच पाहिलं. जरा सुजलं होतं. तेव्हाच जर मी म्हटलं असतं, काका, ती गोळी आजपासून बंद, माडाला हात लावायचा नाही, आत्ता डॉक्टरकडे चला, तर बहुधा एवढ्यावर भागलं असतं. मी त्यांना चोळायचं मलम दिलं. "दोन दिवस चढू नका," म्हटलं.

"बघू," ते म्हणाले.

दोन दिवस त्यांनी खरंच काढले. पाचवी गोळीही घेतली, कारण मागच्या वेळी कोर्स अर्धा सोडला म्हणून विकी रागावला होता. तिसऱ्या दिवशी ॲन्सेल्म अंकलच्या वाडीत गेले. पुढचं मला अंकलनी सांगितलं. विहिरीजवळच्या माडावर काका दहा-बारा फूट चढले होते. खाचेत उजवा पाय रोवून त्यांनी अंग वर रेटलं, आणि फट्कन आवाज झाला. अंकलना वाटलं सुकी झावळी मोडली. काकांनी मात्र वळून खाली पाहिलं आणि ओरडले, "कोन रे? कोन मारतोय?" कोणीतरी मागून टाचेवर काठी हाणली असं त्यांना वाटलं होतं. खाली कोणी नव्हतं. दोन्ही हातांनी माडाला मिठी मारून ते तसेच घसरत खाली आले, छाती आणि दंड सोलून निघाले. जमिनीवर उभं राहायला गेले तर उजवं पाऊल फडक्यासारखं लोंबलं.

विकी त्यांना वसईलाच घेऊन गेला. हाडांच्या डॉक्टर अश्लेषा बाईंनी त्यांना पालथं झोपवलं, पोटरी दाबली. चांगल्या पायाचं पाऊल हललं, उजव्याचं नाही. टाचेची कंडरा तुटली होती.

दोन दिवसांनी विकी बँडेज न्यायला दुकानात आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"वसुमावशी, डॉक्टर मॅडम विचारत होत्या, अलीकडे कुठली अँटिबायोटिक घेतली का. दम्याच्या गोळ्या तर चालूच होत्या. दोन्ही एकत्र आलं की असं होऊ शकतं म्हणे. मग पप्पा बोलले, घरात उरलेल्या गोळ्या होत्या, त्या खाल्ल्या."

माझ्या हातात बँडेजचं खोकं होतं. ते मी पिशवीत घातलं आणि बिल लिहायला घेतलं.

"आई तर वेडीच झालीय," विकी म्हणाला. "तिनेच ठेवल्या होत्या ना त्या. आणि तिनेच सांगितलं होतं, डब्यात आहेत, घ्या म्हणून. काल घरी आल्याआल्या तिने तो डबा न उघडताच उचलला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आली."

त्या डब्यात तीन गोळ्या तशाच होत्या. तिने झाकण नुसतं उघडलं असतं तरी कळलं असतं.

मी विकीला काही बोलले नाही. घरी आल्यावर माझ्या नवऱ्याला, चंद्रहासला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू सांगितल्याने त्यांचा पाय जुळणार आहे का? त्यांनी स्वतःच तुझं नाव घेतलं नाही. मग तू कशाला?" मला तेच ऐकायचं होतं, म्हणूनच मी बहुतेक त्याला विचारलं होतं.

शस्त्रक्रिया झाल्यावर मी काकांना भेटायला गेले. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, ओटीवर खाटेवर पडलेले. काकी चहा करायला आत गेली तेव्हा मी हळू आवाजात विचारलं, "काका, तुम्ही असं का सांगितलं?"

ते दाराकडे बघत म्हणाले, "मीच मागितल्या ना? तू नाय म्हनत होतीस. तुझं नाव घेतलं तर दुकान बंद करतील. मग म्हाताऱ्यांनी औषधाला आगाशीला जायचं?"

"पण काकींना वाटतंय की—"

"वाटू दे. चार दिवस रडेल, विसरेल."

काकी चहा घेऊन आली. तिने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू शिकलेली हायस. तुला विचारायला पायजे होतं ना मी त्या गोळ्यांचं? मला काय अक्कल?" मी चहा प्यायले.

प्लास्टर निघालं, जाड तळाचा बूट आला, व्यायाम आले. जखम भरायला फार वेळ लागला. वय आणि दम्याच्या गोळ्या, डॉक्टर म्हणाल्या. सहा महिन्यांनी काका काठीशिवाय अंगणात फिरू लागले. पण उजव्या पायाच्या चवड्यावर त्यांना उभं राहता येईना. टाच जमिनीवरून उचलायची म्हटलं की पाय थरथरायचा आणि खाली यायचा. माडावर चढणारा माणूस चवड्यावर चढतो. त्यांनी एकदा कोणी नसताना अंगणातल्या माडाच्या पहिल्या खाचेत पाय ठेवून पाहिला होता. ते सत्यवतीकाकीने खिडकीतून पाहिलं.

वाड्यांतून निरोप यायचे थांबले. लोकांनी गासच्या एका माणसाला बोलावलं, तो पायाला लोखंडी शिडीसारखं यंत्र लावून चढतो. ॲन्सेल्म अंकलनी बरेच दिवस कोणालाच बोलावलं नाही. नारळ आपोआप पडू लागले, एक गोठ्याच्या कौलांवर पडला, तेव्हा त्यांचाही नाइलाज झाला. बोलवायच्या आधी ते काकांना विचारायला आले. काका म्हणाले, "बोलवा की. माड काय थांबनार हाय?"

मी जात राहिले. दर पंधरा दिवसांनी. औषध घेऊन जायचे, खुर्चीवर बसायचे, काकी केळ्यांची फणी द्यायची, मी घ्यायचे. दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं. काकी बोलेनाशी झाली होती. बाजारात पूर्वी तिचा आवाज दोन ओळी पलीकडून ऐकू यायचा, आता गिऱ्हाइकाने भाव विचारला की ती खाली बघून पुटपुटायची. आणि तिची ब्लडप्रेशरची गोळी न्यायला ती माझ्याकडे येईनाशी झाली होती. मी समजले, आगाशीतून घेत असेल. तसं समजणं सोयीचं होतं.

सप्टेंबरात ती बाजारात पाटीवरच कोसळली. नाकातून रक्त आलं. शेजारच्या बायांनी डॉक्टरांकडे नेलं, ब्लडप्रेशर दोनशेच्या वर होतं. दुसऱ्या दिवशी विकी चिठ्ठी घेऊन दुकानात आला आणि ती त्याने काउंटरवर आपटली.

"मावशी, आई दहा महिने गोळीच घेत नाहीये. एकही नाही. विचारलं तर बोलते, मी गोळीला हात लावायची नाय. माझ्या हाताने त्यांचा पाय गेला."

मी दुकानाचं शटर ओढलं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. विकीला म्हटलं, "चल, घरी जाऊ या."

काकी भिंतीला टेकून बसली होती, काका खाटेवर. मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. कागद, पाच गोळ्या, स्टिरॉइड, नोंदवहीतली खोटी नोंद, टाच दुखत होती तेव्हा दिलेलं मलम. डब्यातल्या तीन गोळ्यांना कोणी हातही लावला नव्हता, हे शेवटी सांगितलं. विकी पुढे आला, मला वाटलं आता हा मला बाहेर काढेल. पण तो दारात जाऊन पाठ करून उभा राहिला.

काकीने माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

"तू यायचीस," ती म्हणाली. "त्या खुर्चीवर बसायचीस. माझ्या हातचा चहा प्यायचीस. मी तुझ्यासमोर रडायची, नि तू मला बोलायचीस, काकी, मनाला लावून घेऊ नका."



मग ती काकांकडे वळली. "आनि तुमी?"

"मला वाटलं, तू विसरशील," काका म्हणाले.

"मी विसरीन? तुमचा पाय माझ्या हातून गेला, हे मी विसरीन?"

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं की ते रडत आहेत. काकी मला म्हणाली, "जा तू." शिवी नाही, आवाज नाही. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वसईला डॉक्टर अश्लेषा यांच्याकडे गेले आणि काकांच्या कागदांत खरं काय ते लिहून घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, तारखा विचारल्या. फाइलीच्या पहिल्या पानावर त्या औषधाचं नाव लिहून खाली रेघ मारली, या गटातलं औषध यांना पुन्हा देऊ नये. मग पेन बंद करून म्हणाल्या, "हे फार थोड्या लोकांना होतं. औषध वाईट नाही, मी स्वतः लिहून देते, त्याने माणसं वाचतात. पण तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

"मग मी तुम्हाला काय सांगू?"

विकीने तक्रार करायची ठरवली होती. काकांनी त्याला करू दिली नाही, का ते मला ठाऊक नाही. मीच एक पत्र लिहून औषध खात्याच्या कार्यालयात दिलं. चौकशी झाली, महिनाभर दुकान बंद राहिलं. ज्या म्हाताऱ्यांसाठी काकांनी खोटं सांगितलं होतं, ती म्हातारी माणसं तो महिना रिक्षा करून आगाशीला जात होती.

काकीने ब्लडप्रेशरची गोळी पुन्हा सुरू केली, आगाशीच्या दुकानातून. काकांशी मात्र ती कित्येक आठवडे बोलली नाही. ताट वाढायची, पायाला तेल लावायची, व्यायामाला उठवायची, सगळं तोंड मिटून. हे मला ॲन्सेल्म अंकलनी सांगितलं. ते रोज संध्याकाळी काकांकडे जाऊन बसत. अंकल म्हणाले, एक दिवस काका तिला म्हणाले, "एकदा शिव्या तरी दे." तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. काय बोलली ते अंकलनी सांगितलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये काका गेले. छातीचंच दुखणं, तीन दिवस दवाखान्यात होते, दुपारी तीनच्या सुमारास गेले. टाचेमुळे गेले असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण पन्नास वर्षं रोज माडावर चढउतार करणारा माणूस पावणेदोन वर्षं खाटेवर आणि अंगणात होता, आणि त्या अवधीत त्याचा दमा किती वाढला हे मी त्याच्या पंपांवरून पाहत होते. विकी पंप माझ्याकडूनच न्यायचा. नाव सांगायचा, घ्यायचा, जायचा. मावशी म्हणणं त्याने सोडलं होतं.

मी अंत्ययात्रेला गेले, लोकांच्या मागे राहिले. अंकल चर्चमधून सरळ आले होते, काळ्या कोटात, त्या उन्हात. स्मशानाच्या वाटेला दोन्ही बाजूंना माड आहेत. माणसं खांदा बदलायला थांबली तेव्हा अंकल माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "यातला एकेक त्याच्या पायाखालचा आहे."

आता दुकानात ताज्या चिठ्ठीशिवाय मी अँटिबायोटिक देत नाही. लोक रागावतात. "बावीस वर्षं ओळखता आणि चिठ्ठी मागता?" म्हणतात आणि पुढच्या दुकानात जातात. तिथे मिळतं. आमच्या वेदांतने, माझ्या मुलाने, एकदा विचारलं की याने काय फरक पडतो.

या फेब्रुवारीत सत्यवतीकाकी दुकानात आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आगाशीचं दुकान लग्नासाठी बंद होतं, म्हणाली. हाताला कोयता लागून जखम चिघळली होती, डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. तिने चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि हात काढला नाही.

"सगळं सांग," ती म्हणाली. "घाई करू नको."

मी सांगितलं. गोळी कशाची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर चालते का, ते पुस्तक उघडून तिच्यासमोर पाहिलं. अंगावर पुरळ आलं, श्वास लागला, किंवा काहीही नवं दुखू लागलं तर काय करायचं. पूर्वी कधी कुठल्या गोळीने त्रास झालाय का, ते विचारलं. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. मागे माणसं उभी होती, तिने कोणाकडे पाहिलं नाही.

"आनि बरं वाटलं तर?"

"तरी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस घ्यायच्या. आधी बंद करावीशी वाटली तर त्यांना विचारायचं. दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत."

"कोनाला देनार मी," ती म्हणाली.

पिशवी घेऊन ती दोन पावलं गेली आणि थांबली.

"ते जाताना बोलले, वसुबायला माफ कर. मी हो बोलली, त्यांना बरं वाटावं म्हनून. पन केलं नाय अजून."

"बरं, काकी," मी म्हटलं.

ती पायरी उतरली, उन्हासाठी पदर डोक्यावर घेतला, आणि निर्मळच्या बाजूला चालू लागली.